पाळी जाता जाता भांग रुंद व्हायला लागला? काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

माझ्या भाच्याच्या मुंजीचा अल्बम आला तेव्हा मी ४८ ची होते. मातृभोजनाच्या पंगतीत मी वाकून वाढतेय आणि फोटोवाला स्टुलावर चढलेला, त्यामुळे फोटोत माझं तोंड नाहीच, नुसती टाळू. मधोमध चांगला बोटभर रुंद भांग. खरं सांगते, आधी मला वाटलं ही दुसरीच कोणी बाई आहे, मग साडी ओळखली.

त्यानंतर दोन वर्षं मी जे जे केलं ते सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी तेलं, मग पावडरी, मग गोळ्या, मग एका क्लिनिकचं पॅकेज आणि सगळ्यात शेवटी रक्त तपासलं. जे पहिल्या आठवड्यात कळायला हवं होतं ते दोन वर्षांनी कळलं कारण प्रत्येकजण म्हणायचा, अगं मेनोपॉज आहे, चालायचंच. आता चालायचंच हे अर्धं खरं आहे, पण त्या अर्ध्या खऱ्याच्या आड बाकीची कारणं बिनधास्त लपून बसतात. मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर आयुष्य गेलं, त्यामुळे डोस बिस तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मी फक्त रस्ता सांगतेय, खड्डे कुठे आहेत त्याच्यासकट.

१. आज काहीही विकत घेऊ नका, फोटो काढा

खिडकीजवळ उभं राहा, केस कोरडे, तेल नाही, मधला भांग पाडा आणि घरातल्या कुणालातरी वरून फोटो काढायला सांगा. एक भांगाचा, एक कपाळाच्या कडेचा, एकेक दोन्ही कानशिलांचा. दर महिन्याच्या १ तारखेला तीच खिडकी, तीच वेळ. बाथरूमच्या दिव्याखाली काढू नका, त्या उजेडात कोणाचीही टाळू चमकते आणि उगाच रडू येतं.

दुसरं माप रबराचं. माझ्या वेणीच्या शेवटी पूर्वी रबर तीन वेढ्यात बसायचं, मुंजीच्या सुमाराला पाच वेढे घालून पण ते घसरत होतं, आणि मला वाटायचं रबरंच हल्ली खराब येतात!

हे फोटो पुढे डॉक्टरांना दाखवायला लागतात आणि उपचार लागू पडतायत की नाही हे ठरवायला त्यांच्यासारखं सोपं साधन नाही. आरशात रोज बघून काही कळत नाही, रोज बघितलं की फक्त टेन्शन येतं.

२. गळतायत की विरळ होतायत?

मला हा फरक कोणी सांगितलाच नव्हता. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग थोडे दिवस थांबतो, साधारण ३ महिने नुसता बसून राहतो आणि पडतो, त्याच जागी नवा येतो. म्हणजे दिवसाला ५० ते १०० केस पडणं हे नेहमीचंच आहे, आणि आठवड्यातून दोनदाच न्हात असाल तर न्हायच्या दिवशी मोरीच्या जाळीवर तीन-चार दिवसांचे एकदम दिसतात, त्याने घाबरायचं नाही.

गळणं म्हणजे काय, तर एकदम वाढतं, सगळ्या डोक्यावरून, विंचरताना गुंतवळच गुंतवळ. अशा वेळी मागे वळून बघायचं की २-३ महिन्यांपूर्वी काय झालं होतं. डेंगी, टायफॉइड, कोविड, ऑपरेशन, घरात मोठं दुःख, किंवा त्या डाएटच्या ग्रुपमधे जाऊन महिन्यात सहा किलो उतरवले असतील तर ते. शरीराला धक्का बसला की खूप केस एकदम विश्रांतीला जातात आणि ३ महिन्यांनी एकदम पडतात. कारण गेलं की बहुतेक वेळा ६ महिन्यात गळती थांबते.

विरळ होणं वेगळं. जाळीवर फारसे केस दिसत नाहीत, पण भांग रुंद होत जातो, वेणीचा शेपटा बारीक होतो, कपाळाकडची पहिली ओळ मात्र जागेवर असते. पुरुषांसारखं कपाळ मागे सरकत नाही, समोरून नाकाकडे बघितलं तर कळतच नाही, वरून बघणाऱ्याला कळतं. डॉक्टर याच्या तीन पायऱ्या धरतात, १९७७ साली लुडविग नावाच्या डॉक्टरने केलेल्या, त्यामुळे फाइलवर लुडविग १ किंवा २ लिहिलेलं दिसलं तर ते एवढंच आहे, कुठलाही भयंकर रोग नाही.

पाळीचा संबंध इथे येतो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते आणि जायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांचं मुख्य हार्मोन वरखाली होत होत कमी होतं. केसाला वाढीच्या अवस्थेत धरून ठेवायला ते मदत करत असतं, ते ओसरलं की अंगात जे थोडे पुरुषी हार्मोन सगळ्या बायकांच्यात असतातच त्यांचं पारडं जड होतं. ज्यांच्या घराण्यात आहे, आईकडून असो की बाबांकडून, त्यांच्या टाळूवरची मुळं मग हळूहळू लहान होतात. मेलेली नसतात हां, लहान होतात, म्हणून जाड केसाच्या जागी लवेसारखा बारीक आखूड केस येतो. याच काळात हनुवटीवर एखाददुसरा राठ केस उगवतो, ते पण त्याच हिशोबातलं.

आणि दोन्ही एकदम पण असू शकतं. मला दोन्ही होतं, म्हणून गोंधळ.

३. एका पानावर मागचं वर्ष लिहून काढा

डॉक्टरांच्या समोर बसलं की सगळं विसरायला होतं, म्हणून आधीच लिहा. शेवटची पाळी कधी आली, मधल्या काळात किती अंगावर गेलं, गाठी पडायच्या का. गेल्या वर्षातली आजारपणं. वजन किती उतरलं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, बीपीच्या, रक्त पातळ करायच्या, फिटच्या, कॅन्सरनंतरच्या हार्मोनच्या, कारण यातल्या काहींनी केस जातात. पण म्हणून स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करायची नाही, नुसती लिहून न्यायची. आणि हो, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, गमीज म्हणजे चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, टीव्हीवर बघून मागवलेलं चूर्ण, लाज न बाळगता ते पण लिहा.

४. या गोष्टी दिसल्या तर थांबू नका

बाकी सगळ्याला महिना दोन महिने इकडे तिकडे चालतात, याला नाही.

कपाळाची केसांची रेघ मागे सरकतेय आणि सोबत भुवया विरळ होतायत. भुवयांचं तर आपण थ्रेडिंग जास्त झालं म्हणून सोडून देतो, पार्लरवाली पण तेच सांगते. पण पाळी गेलेल्या बायकांमधेच मुख्यतः दिसणारा एक प्रकार आहे ज्यात केसाच्या मुळाशी व्रण होऊन ते मूळ कायमचं बंद होतं. १९९४ साली ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा त्याची नोंद झाली. गेलेले केस परत येत नाहीत, उरलेले वाचवता येतात, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. सरकलेल्या जागेची कातडी गुळगुळीत चकाकते, रेघेवरच्या केसांच्या बुडाशी लालसरपणा असतो, बघा.

रुपयाएवढी गोल टक्कल पडलेली जागा, म्हणजे चाई. टाळूला आग, दुखणं, पू. चार-सहा महिन्यात दाढीसारखे केस यायला लागले आणि आवाज पण बसका झाला तर ते नुसतं वय नाही, हार्मोन तपासायला हवेत. आणि केसाचा विषय नाही तरी सांगते, पाळी पूर्ण १२ महिने बंद राहून नंतर परत रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर सगळी कामं टाकून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं.

५. कोणाकडे जायचं आणि सोबत काय न्यायचं

त्वचारोगतज्ज्ञ. केसांचे डॉक्टर पण तेच असतात. पाटीवर ट्रायकॉलॉजिस्ट, हेअर एक्स्पर्ट, हेअर कोच असं काही लिहिलेलं असेल तर नावापुढची डिग्री वाचा, एमडी किंवा डीएनबी आणि ती त्वचारोगातली, किंवा त्वचारोगाचा डिप्लोमा. चिठ्ठीवर मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असायला पाहिजे. खाजगी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्वचा विभागाची ओपीडी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, रांग असते, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा.

सोबत न्यायचं:

- आधारकार्ड, जुनी फाइल, मागच्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट
- तिसऱ्या पायरीतलं पान
- चालू गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नको, पाकिटच न्या
- मोबाईलमधे भांगाचे फोटो, आणि जमलं तर पाच-सात वर्षांपूर्वीचा एखादा, लग्नाबिग्नातला
- सोनोग्राफी झालेली असेल तर तो रिपोर्ट

जायच्या आदल्या दिवशी न्हाऊ नका. डॉक्टर ५०-६० केसांची बट धरून हलकेच ओढून बघतात, किती हातात येतात ते मोजतात, काल न्हालेलं असलं की सुटायचे ते आधीच सुटलेले असतात. तेल, रंग, ते टक्कल झाकायचं पावडर पण नको, कारण भिंगासारख्या यंत्रातून मुळं बघायची असतात. मला स्क्रीनवर दाखवलं होतं, एकाच इंचात एक केस दोऱ्यासारखा आणि शेजारचा कोळ्याच्या जाळ्यासारखा. तेव्हा खरं समजलं काय चाललंय ते.

६. रक्ताच्या तपासण्या, आणि बायोटिनची गंमत

साधारण हे सांगतात: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी१२, डी व्हिटॅमिन, कधी साखर. हार्मोनची लांबलचक यादी सगळ्यांना लागत नाही, वर सांगितलेली लक्षणं असतील तरच. लॅबवाले हेअर फॉल प्रोफाइल म्हणून ४० तपासण्यांचं पॅकेज विकतात, ते न घेता डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच करा.

आता बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व. केस-नखं-त्वचा असं लिहिलेल्या बहुतेक गोळ्यांत आणि गमीजमधे भरपूर बायोटिन असतं, आणि त्याने काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात, थायरॉइडच्या तर बऱ्याचदा. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, म्हणजे एफडीएने, २०१७ मधे याचा इशारा दिला होता, त्यात हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन तपासणीचं पण नाव आहे. माझ्या जाऊबाईंचा थायरॉइड रिपोर्ट असा काही आला की घरात सगळे हादरले, डोस बदलायची वेळ आली, मग डॉक्टरांनी विचारलं ताई केसांसाठी काही घेता का, आणि पर्समधून गमीजची डबी निघाली. बंद करून परत तपासलं, ठीक आलं. तर तपासणीच्या किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा, बहुतेक २-३ दिवस सांगतात. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते, ती नसेल तर त्या गोळ्यांनी केस वाढतात याला धड पुरावा नाही.

उलट अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात! दोन-तीन मल्टिव्हिटॅमिन एकदम खात असाल तर पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. डी चे ६०,००० युनिटचे साशे पण सांगितलेत तेवढेच आठवडे, मी एक ओळखीची बाई बघितलीय जी वर्षभर दर रविवारी घेत होती कारण थांबा असं कोणी म्हटलंच नाही.

७. लोह, म्हणजे माझी खरी गोष्ट

पाळी जायच्या आधीची दोन-तीन वर्षं बऱ्याच जणींना फार अंगावर जातं. मला ४६ पासून दहा-दहा दिवस, गाठी, ऑफिसच्या खुर्चीवर काळी ओढणी टाकून बसायचे. सगळ्यांनी सांगितलं जाता जाता असंच होतं. हिमोग्लोबिन ११ च्या आसपास होतं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी फेरिटिन केलं ते आलं ९. फेरिटिन म्हणजे लोहाचं गोदाम समजा, दुकानात माल दिसतोय पण गोदाम रिकामं. शरीर आधी रक्ताला लोह देतं, केस त्याच्या यादीत शेवटी.

रिपोर्टमधे १०-१५ च्या पुढे नॉर्मल छापलेलं असतं त्यामुळे १८ आलं की लॅबवाला काही खूण करत नाही आणि आपण खूश. पण केसांसाठी बरेच डॉक्टर ४० किंवा त्याच्या वर मागतात. ताप, इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटंच वर जातं, तेव्हा करू नका.

गोळी घ्यायची रीत मला कोणी नीट सांगितली नव्हती म्हणून पहिले दोन महिने वाया गेले:

चहाबरोबर नाही. चहा-कॉफीत लोह अडकतं, तास दीड तास अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर चालते, उलट बरं. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र नाही, एक सकाळी एक रात्री. थायरॉइडची गोळी घेत असाल तर तिच्यात आणि लोहात ४ तास पाहिजेत, नाहीतर थायरॉइडची गोळी लागूच पडत नाही, आणि मी तर तिन्ही एकदम घशाखाली घालून चहा प्यायचे, म्हणजे काय बोलायचं. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे, घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी सोडू नका, डॉक्टर एक दिवसाआड करून देतात किंवा ब्रँड बदलतात. गोदाम भरायला महिने लागतात, हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून मधेच थांबवायचं नाही.

अळिवाचे लाडू, नाचणी, पालेभाज्या, खजूर हे खा, जरूर खा, पण फेरिटिन ९ असताना नुसत्या लाडवांवर भागत नाही, माझ्या आईशी यावरून माझं भांडण झालंय. प्रथिनांचं पण बघा, वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम तरी. उपासाच्या दिवशी साबुदाणा खाऊन प्रथिनांचा हिशोब शून्य असतो आणि आपल्याकडे उपास आठवड्याला दोन.

आणि मुख्य म्हणजे भोकातून पाणी जातंय तोवर टाकी भरत नाही. अंगावर जाण्याचा इलाज स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, सोनोग्राफी करा. पाळी जाऊन वर्षं झालीत, अंगावर जात नाही तरी लोह कमी आहे, असं असेल तर पोटातून कुठे रक्तस्राव होतोय का ते बघायला लागतं, तिथे पण मेनोपॉज म्हणून सोडायचं नाही.

८. मिनॉक्सिडिल: नीट वाचा, बऱ्याच जणी इथेच सोडतात

विरळ होण्याच्या प्रकारावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध हेच. मुळात बीपीची गोळी, ती घेणाऱ्यांना अंगभर केस आले म्हणून मग टाळूला लावायचं निघालं. बायकांसाठी २ टक्के लोशन दिवसातून दोनदा १ एमएल, किंवा ५ टक्के फोम दिवसातून एकदा, असं साधारण सांगतात. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी सांगा.

लावायचं कसं: टाळू कोरडी पाहिजे. भांग पाडून ड्रॉपरने टाळूवर, केसांवर नाही. मग शेजारी अजून एक भांग, परत. चोळायचं नाही, बोटाने पसरायचं, हात साबणाने धुवायचे. कपाळावर ओघळ आला तर लगेच पुसा नाहीतर कपाळावर गालावर लव वाढते. झोपायच्या निदान दोन तास आधी लावा म्हणजे उशीला लागणार नाही. घरात मांजर असेल तर फार सांभाळा, मांजरांना हे औषध विषासारखं आहे, चाटलं तरी, आणि मांजर उशीवर झोपतंच. लोशनने खाज आली तर बऱ्याचदा ती त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलची असते, फोममधे ते नसतं, डॉक्टरांना विचारून बदला.

आता खड्डा. सुरू केल्यावर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात केस आणखी गळतात. हो, आणखी. जुने विश्रांतीतले केस ढकलले जातात आणि त्या जागी नवे सुरू होतात म्हणून. मला कोणी सांगितलं नव्हतं, चौथ्या आठवड्यात कंगव्यात बघून मी बाटली बेसिनमधे ओतली. मग पाच महिन्यांनी परत पहिल्यापासून. तुम्ही ओतू नका.

फरक दिसायला निदान ४ ते ६ महिने, नीट निकाल एक वर्षाने. केस महिन्याला १ सेंटिमीटरच वाढतो, त्याला घाई करता येत नाही. आणि बंद केलं की ३-४ महिन्यात मिळालेलं परत जातं, म्हणजे दात घासण्यासारखं रोजचंच काम आहे, हे मनाशी ठरवूनच सुरू करा. माझं आता दोन वर्षं चालू आहे. विशीतले केस आले का, नाही आले. भांग अर्ध्यावर आला आणि पुढे जायचा थांबला.

विकत घेताना दोन गोष्टी. एक, आपल्याकडे मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड (पुरुषी हार्मोनवर काम करणारं औषध) एकत्र असलेल्या बाटल्या मिळतात, पुरुषांसाठीच्या, केमिस्ट घाईत तीच देतो. लेबल वाचा. पोटात मुलगा असेल तर फिनास्टेराइड त्या गर्भाला घातक आहे आणि पाळी पूर्ण १२ महिने बंद झाल्याशिवाय दिवस जाऊ शकतात, हे ४७ व्या वर्षी पण खरं आहे. मिनॉक्सिडिल सुद्धा गरोदरपणात चालत नाही. दोन, १० टक्के, १५ टक्केवाल्या बाटल्या ऑनलाइन दिसतात, जास्त टक्के म्हणजे जास्त केस असं नसतं, आग आणि धडधड मात्र जास्त.

९. बाकीचे उपचार, थोडक्यात

मिनॉक्सिडिलची अगदी कमी डोसची गोळी हल्ली बरेच डॉक्टर देतात. लावायचा कंटाळा वाचतो, पण चेहऱ्यावर लव, पायावर सूज, धडधड होऊ शकते, म्हणून बीपी बघूनच. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी हार्मोनचा जोर कमी करायला देतात, त्यात पोटॅशियम आणि बीपीवर लक्ष ठेवायला लागतं. फिनास्टेराइड पाळी गेल्यावर काहींना देतात. हार्मोन थेरपी वाफा, झोप, हाडं यासाठी असते, नुसत्या केसांसाठी सहसा कोणी सुरू करत नाही. पीआरपी म्हणजे स्वतःचं रक्त फिरवून टाळूत टोचायचं, महिन्याच्या अंतराने तीन-चारदा, दुखतं, महाग आहे, काहींना फरक पडतो काहींना शून्य. मी केलं नाही.

कोंडा आणि खाज असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, टाळूवर पाच मिनिटं ठेवून. लगेच धुतला तर पैसे पाण्यात.

१०. तेल, मेंदी, अंबाडा

तेलावर माझा राग नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, म्हणजे जे आहेत ते तुटत नाहीत. पण मुळातून नवे केस उगवायचं काम ते करत नाही, मग त्यात माका घाला, जास्वंद घाला नाहीतर सोनं घाला. न्हायच्या तासभर आधी लावा, चोळून चोळून नाही. कांद्याच्या रसाने माझी टाळू भाजली होती आणि घरात तीन दिवस भेळेच्या गाडीचा वास, एवढंच सांगते.

साधी मेंदी चालते. काळी मेंदी म्हणून जे मिळतं त्यात मात्र बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी आली की डोळे सुजून बंद होतात, आणि आधी दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असं नसतं. कानामागे थोडं लावून ४८ तास थांबून बघा, प्रत्येक वेळी.

घट्ट अंबाडा, त्यावर जड गजरा, तीच पिन त्याच जागी वीस वर्षं, याने कानशिलाचे केस कायमचे जातात. ओल्या केसांचा अंबाडा तर नकोच. सैल वेणी, मोठ्या दातांचा कंगवा, केस वाळल्यावर.

११. पॅकेजवाल्यांपासून सांभाळा

मी एका क्लिनिकमधे फुकट हेअर ॲनालिसिसला गेले. टाळूचा मोठा करून दाखवलेला फोटो, समोर कोट घातलेली मुलगी, म्हणाली मॅडम ८० टक्के मुळं गेलीत, आजच सुरू केलं तर वाचतील, आणि ऑफर आजच्याच दिवस. ६० हजारांपैकी २० हजार मी तिथेच कार्डावर भरले. डॉक्टर दिसलेच नाहीत. रक्त तपासायचं नाव नाही. सहा वेळा कसलातरी लेझर आणि एक सीरम, बाटलीवर घटकांची नावंच नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून हे प्रश्न विचारा: मला झालंय काय, त्याचं नाव लिहून द्या. तपासणारे डॉक्टर कोण, नंबर काय. औषधात काय आहे. मधेच सोडलं तर पैशाचं काय. आणि आजच ठरवा म्हटलं की उठा. आपल्या औषधांच्या नियमांमधे शेड्यूल जे नावाची यादी आहे, ज्या तक्रारी औषधाने बऱ्या होतात असा दावा करायला मनाई आहे त्यांची, आणि टक्कल त्या यादीत आहे. म्हणजे गॅरंटी असं छापलेली बाटली दिसली की तिथेच समजायचं.

१२. तोपर्यंत दिसायचं कसं

उपचाराचे पहिले सहा महिने काढायला लागतातच, त्यात दोन लग्नं आणि एक बारसं येतंच. भांग मधून न पाडता एका बाजूने, आणि तो पण सरळ रेघेत नाही, नागमोडी. केस खांद्यापर्यंत कापा, लांब शेपटा जितका बारीक तितकी टाळू जास्त दिसते. केसांच्या रंगाचं पावडर मिळतं, शिंपडलं की भांग भरल्यासारखा दिसतो, घामात आणि पावसात मात्र ओघळतं, आणि रात्री धुवायचं. क्लिपने लावायचा टॉपर, म्हणजे टाळू झाकण्यापुरता केसांचा तुकडा, तो पण मिळतो, पुण्यामुंबईत मोजून बनवून देणारी दुकानं आहेत, घेताना रंग दिवसाउजेडी बाहेर येऊन जुळवा. क्लिप रोज एकाच जागी लावू नका. उन्हात जाताना भांगावर ओढणी किंवा टोपी, उघडी टाळू खरंच भाजते, मला पंढरपूरहून आल्यावर भांगाची साल निघाली होती.

पार्लरमधे मुली मोठ्याने म्हणतात, मॅडम हेअर फॉल खूप आहे, ट्रीटमेंट करूया का. त्यांना सांगायचं, चालू आहे, तू फक्त अर्धा इंच काप.